फुग्याचं औषध आणि आमच्या शिवणबाई

दम्याचं फुग्याचं औषध ओढून लगेच सुईत दोरा ओवून पाहिलाय का तुम्ही कधी? नसेल, तर आमच्या शेवंताबाईंना विचारायला हवं होतं. आम्ही शिवणवर्गातल्या बायका आजही एकत्र बसलो की एकीनं किस्सा काढायचा अवकाश, तो संपायच्या आत दुसरीच्या ओठांवर पुढचा तयार असतो!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. अमडापूरला सरकारी विकास ब्लॉकातर्फे बायकांचा शिवणवर्ग निघाला. शिकवायला शेवंताबाई. विधवा, एकट्या राहणाऱ्या आणि दम्याच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत तर त्यांना श्वास सापडायचा नाही. शेवटी चिखलीच्या डॉक्टरांनी काचेची नळी दिली, तिच्या मागे रबरी फुगा. नळीत दोन औषधांचं मिश्रण. एक छाती मोकळी करणारं, दुसरं कफ सुकवणारं. फुगा दाबायचा आणि फवारा तोंडानं आत ओढायचा.

डॉक्टर म्हणाले, "थोडा वेळ हात कापेल, छाती धडधडेल, तोंड कोरडं पडेल. घाबरू नका."

बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे औषध हाय का दुसरा आजार?"

* * *

पहिली पंचाईत दोऱ्याची झाली. ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, ही शिवणाऱ्या बाईची सवय. बाईंनी फुगा मारला, दोरा ओठांत धरला आणि तसाच कोरडा बाहेर काढला. पुन्हा तेच! तोंडात थेंब नाही.

शेजारी इंदू बसली होती. माहेर वडनेर भोलजीचं, वर्गातली सगळ्यात ढ. बाईंनी दोरा तिच्यापुढे धरला. "इंदे, एवढा ओला करून दे बरं!"

इंदू लाजून म्हणाली, "बाई, मले एवढंच येते!"

* * *

एकदा परकराचं कटिंग होतं. बाईंनी खडूनं रेघ मारली, पण फुगा नुकताच मारलेला. रेघ सापासारखी वळत गेली. बाई पाणी प्यायला उठल्या, आणि आम्ही पोरी इतक्या आज्ञाधारक की वळणावर वळण घेत सगळं कापड कापून मोकळ्या!

"असं काऊन कापलं वं तुम्ही?" बाई ओरडल्या.

"तुम्हीच तशी रेघ मारली!"

बाईंनी कापड उचलून उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. "आता शिवा तसंच. कोणी विचारलं तर फॅशन हाय म्हणा!"

* * *

एका दुपारी बाईंनी लागोपाठ दोनदा फुगा मारला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. जरा वेळानं त्रासून म्हणाल्या, "थांबवा बरं ते मशीन! किती जोरात चालवून राह्यल्या!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मशीनवर तर झाकण होतं.

बाईंनी छातीवर हात ठेवला. "हाव," त्या म्हणाल्या, "इथलं चालू हाय. चालू द्या!"

* * *

हात कापायचा म्हणून चहा बशीत ओतला की निम्मा लुगड्यावर जायचा. बाई थेट कपानं प्यायला लागल्या. उंद्रीला, सासरी, त्यांच्या जावेनं लगेच जाहीर केलं, "जाऊबाईले आता बशी चालत नाही. मॅडम झाल्या!"

दिरांना मात्र कापणारा हातच दिसला. आले आणि म्हणाले, "वहिनी, असा हात घेऊन शिकवणं जमते काय? उंद्रीले चला. दोन घास खा, आमची पोरं सांभाळा."

ते मनानं वाईट नव्हते. पण बाईंच्या हातचा वर्ग गेला, तर उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या चुलीपुढे जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. बाई म्हणाल्या, "वर्गाची सरकारी तपासणी होऊ द्या, भाऊजी. वर्ग नाही राहिला तर येतो."

* * *

तपासणीसबाई आल्या त्या नेमक्या कापसाच्या दिवसांत. बाईंची छाती सकाळपासून वाजत होती, पण हात स्थिर राहावा म्हणून त्यांनी फुगा न मारताच लपवून ठेवलेला. दीरही बाहेर ओट्यावर येऊन बसलेले.

तपासणीसबाई बुलढाण्याच्या, बोलायला कडक. म्हणाल्या, "हातानं गुंडीचं एक काज करून दाखवा."

बाईंनी सुई उचलली आणि खाली ठेवली. "बाईसाहेब, औषध घेतलं तर हात कापते. नाही घेतलं तर श्वास पुरत नाही. यातलं कोणतं पाहता?"

"आधी श्वास घ्या," तपासणीसबाई म्हणाल्या.

बाईंनी सगळ्यांसमोर फुगा मारला. हात थरथरायला लागले. मग त्यांनी सुई इंदूच्या हातात दिली. इंदूनं काज केलं. बाई हात न लावता नुसत्या बोलत होत्या. "टाका जवळ घे... ओढू नको... आता गाठ."

"तपासणी तुमची आहे, हिची नाही," तपासणीसबाई म्हणाल्या.

"हिलेच तपासा, बाईसाहेब. आली तवा हिले सुई धरता येत नव्हती. मले तर पहिलेपासूनच येते!"

तपासणीसबाईंनी काज उलटं करून मागची बाजू पाहिली. निकाल न सांगताच त्या मुक्कामाला रेस्टहाउसवर निघून गेल्या.

दीर ओट्यावरून उठले. "वहिनी, पेटी भरून ठेवा. सकाळी गाडी जुंपतो."

बाईंनी पेटी पुढे ओढली. आम्ही कापडाच्या घड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीच्या आधी तपासणीसबाई आल्या. त्यांनी चोळीच्या कोऱ्या खणाची घडी शेवंताबाईंच्या हातात दिली, "पुढच्या तपासणीला हीच घालून येईन," म्हणाल्या आणि माप द्यायला दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.