काटोलची पाहुणी

माझ्या पीएचडीचा विषय होता तुरुंगातून सुटून घरी परतलेल्या बायका. शेवटचा अध्याय लकडगंजमधल्या एका शिलाईवाल्या बाईपाशी अडला होता. ती बोलली तर प्रबंध पुरा, नाही तर मुदतवाढ मागत हिंडा.

पत्ता ठाण्यातून मिळाला. घर दाखवायला मी चक्क वर्दीतली बाई शिपाई सोबत नेली. संशोधन कसं रीतसर हवं ना! दारात खाकी दिसली आणि गल्ली गोळा झाली. शेजारीण म्हणाली, "काटोलले माहेरी होती म्हणे ना ही, आईच्या सेवेले? मग पोलीस काहून?" तुरुंगातली वर्षं बाईनं गल्लीत माहेरच्या नावावर खपवली होती! तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं दार लावलं ते लावलंच.

हे मीच रडत रडत मैत्रिणीला सांगितलं. आमचे गाईड एकच, विषयही जवळपास तोच. ती मूळची काटोलची. आठवड्यानं संत्र्यांची पिशवी घेऊन ती त्या दारात उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, काटोलहून आली मी. ओळखलं नाही का वं?" झालं! बाईची लाज राहिली, हिला चहा मिळाला, आणि महिन्याभरात सगळी कहाणीही मिळाली.

माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू? तिच्यासमोर तर्री-पोह्याचा घास उतरेना. माझी बाई, माझा पत्ता, फजिती माझी आणि मुलाखत हिची! काटोलला जन्मायला काय अक्कल लागते?

"तू रागावून राहिली का वं माझ्यावर?" तिनं विचारलं.

"छे! मी कशाले रागावू?"

विभागात तिचं सादरीकरण होतं, तेव्हा मी पडद्यावर डोळे लावून बसले. लकडगंज आलंच नाही. शेवटी सरांनीच विचारलं, "त्या शिलाईवाल्या बाईंचं काय झालं?"

"सगळं बोलल्या, सर. पण लिहू नको म्हणाल्या. मग नाही लिहिलं."

"नाव बदलून?"

"तरी गल्लीतले ओळखतीन."

सरांनी मान डोलावली. मी वर्षभर जिच्यासाठी तडफडले, ती मुलाखत मिळवून हिनं सोडूनही दिली होती. मला मिळाली असती तर मी छापलीच असती. मुलाखत मिळाली तेव्हा जळले नव्हते एवढी मी त्या क्षणी जळले. आता रागवायलाही जागा ठेवली नाही मेलीनं!