तांडेलकाकांचा कॅट
जिंकलेला डाव वहीत ‘हरलो’ असा लिहायला लावणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे तांडेलकाका. उभी हयात अर्नाळ्याच्या मासेमारी बोटीवर तांडेलकी केलेली, म्हणजे बोटीचे कप्तानच. हृदयाच्या दुखण्याने डॉक्टरांनी समुद्र बंद केला, तशी लेकीने, म्हणजे माझ्या शेजारच्या सरिताने, त्यांना बोळिंजला चौथ्या मजल्यावर आणलं. एका रविवारी दुपारी ते तिच्यामागोमाग माझ्या घरी आले आणि म्हणाले, “काय चाललंय? मला पन पानं वाटा.”

चालला होता सुपरहिरोंचा पत्त्यांचा खेळ. मी, सरिता आणि आमचा मित्र प्रसाद, सगळे एकाच बाजूचे. खलनायकाचा हात कुणी खेळत नाही. त्याची पानं उलटत जातात आणि आपल्याला झोडपतात. ती संपायच्या आत तो पडला नाही, तर डाव त्याचा. आपापल्या हिरोचा कॅट मात्र पानं निवडून आपणच आधी बांधायचा.

माझ्या कॅटमध्ये नुसती दणदणीत पानं. पण जड पान खेळायचं तर हातातली दुसरी दोन-तीन टाकावी लागतात, त्यामुळे मी बहुधा हात भरून नुसती बसलेली. काकांनी एकदाच पाहिलं. “सगळे तांडेलच बोटीत घेतलेस, बाय. जालं कोन ओढील?”

त्यांनी स्वतःचा कॅट बांधला तो कुणाला नको असलेल्या हलक्या पानांचा. दुसऱ्याला पान देणारी, जखम भरणारी, आणि सर्वांत जास्त, दुसऱ्यावरचा घाव आपल्या अंगावर घेणारी. व्हिडिओतले जाणकार याला कच्चा कॅट म्हणतात, असं मी ऐकवलं. “ते कुठल्या बंदरातले?” काकांनी विचारलं.

शेवटच्या खलनायकाने आम्हाला कायम धूळ चारली होती. एकदा तो पडला. माझी हिरो त्याआधीच पडली होती, पण नियमाने उरलेले जिंकले की सगळे जिंकतात. प्रसाद नाचायला लागला. काका म्हणाले, “हरलो लिव. मानूस टाकून आलेली बोट आमच्यात आली म्हनत नाय.” प्रसादने नियमांचं पुस्तक पुढे केलं. “ज्यानं छापलं त्याला पाठव अर्नाळ्याला,” काका म्हणाले. प्रसादने चडफडत ‘हरलो’ लिहिलं. मला मात्र फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या खलनायकाला चौघांचेही हिरो उभे ठेवून पाडायचं, हा मग काकांचा हट्टच झाला. दर रविवारी दोन पानं काढायची, दोन घालायची. नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या त्याच आठवड्यात काका गेले. हट्ट राहूनच गेला.

महिन्याने प्रसाद म्हणाला, “तिघांत खलनायकाची ताकद कमी धरतात, सोपा पडतो यार. काकांचा कॅट मोडू, पानं आपल्याला होतील.” तसा तो चुकीचं बोलत नव्हता, डाव बदलला की कॅट मोडायचेच असतात. पण माझं डोकं फिरलं. “एकही पान निघणार नाही,” मी म्हटलं आणि चौथ्या जागेवर काकांचा हात वाटला. तो आता आम्ही तिघं मिळून खेळतो.

गेल्या रविवारी खलनायक अगदी टेकीला आला होता. प्रसादच्या हातात त्याला संपवणारं जड पान होतं, पुढच्या फेरीसाठी राखलेलं. तेवढ्यात काकांच्या हिरोला पाडेल असा खलनायकाचा घाव आला. तो अडवायचा तर प्रसादला ते जड पानच टाकावं लागणार होतं. प्रसादने दात-ओठ खात पान टाकलं, घाव अडवला, आणि पुढच्या फेरीत सगळे हिरो उभे असतानाच खलनायकाची पानं संपली, डाव गेला.

त्याने वही ओढली. ‘हरलो’ लिहिलं. मग त्याखाली, कुणी न सांगता, ‘चौघंही परत आलो.’