पोरीकडच्यांना मी काय सांगितलं

हे मी कुनाजवळच बोलले न्हाई. नवऱ्याजवळबी न्हाई. तुमाला कावून सांगतेय — देव जाने.

आमच्या नेकनूर रोडला एक परमिट रूम हाय. गुरुवारी उपासवाले पीत न्हाईत, बार मोकळा पडतो, म्हनून मालक मागचा फॅमिली हॉल दर गुरुवारी 'त्या' पोरांना देतो. पोरं साड्या नेसून नाचतात, पोरींवरच जीव असलेल्या पोरीबी येतात, सगळे मोकळं हसतात. मी पडले ब्लाउज शिवनारी. पहिल्यांदा गेले ती निव्वळ चोंबडेपनानं — नऊवारीचा काष्टा ह्यांच्या अंगावर बसतो तरी कसा? बसतो वो, लई झ्याक बसतो! मग दर गुरुवारी मीच नेसवायला जाऊ लागले. घरी सांगायचे, भजनाला चालले.

तिथंच आमच्या गल्लीतला विकास भेटला. एरवी खाली मान घालून चालनारं पोरगं. काष्टा बसला की मान अशी वर — मी बघतच ऱ्हायचे. घरी हा कोन असतो आन् इथं कोन? लाज कशी वाटत न्हाई ह्याला? इचारून इचारून भंडावलं मी. तो हसायचा, "मावशी, तुमी लई चौकस बघा."

मग त्याला धर्मापुरीची सोयरीक आली. पोरगी सोनाली. पोरीकडचे गल्लीत चौकशीला येनार, आन् आधी माझ्याच दारात येनार — ब्लाउजवालीला घराघरातलं ठाऊक असतं ना. आदल्या दिवशी विकास आला. माझा हात धरून म्हनाला, "मावशी, मला बाईची वढ न्हाई. माझ्या तोंडून निघत न्हाई, तुमी सांगा त्यांना. माझं नाव खराब झालं तरी चालंल, त्या पोरीचं वाटोळं नको." मी हो म्हनले. त्याच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हनले.

आन् दुसऱ्या दिवशी? पोरीचा बाप समोर चहा पीत बसलेला. माझ्या मनात एकच — हे इचारतील, बाई, तुला कसं म्हाईत? तू बारमधी काय करत होतीस? काहीबी सांगून मोडता आलं असतं. तब्येत नाजूक हाय, एवढं बोलले असते तरी पुरलं असतं. मी म्हनले, "पोरगा लाखात एक हाय. डोळे झाकून द्या."

दिली त्यांनी. विकास आता गुरुवारी येत न्हाई. रस्त्यात दिसले तर बाजू बदलतो. मी अजून जाते, साड्या नेसवते, घरी भजन सांगते.

परवा सोनाली माप द्यायला आली. मी दंडाला टेप लावला, तर हळूच म्हनली, "मावशी, तुमी ह्यांना लहानपनापासून बघता. माझ्यात काय कमी हाय वो?"

"काय न्हाई गं," म्हनले. आन् तिला हात वर करायला सांगितला.