लांबच्या रस्त्याचा अ‍ॅक्सल

भाऊ वारल्यावर त्याची जुनी शेव्हेल गाडी यंगस्टाउनच्या लोर्ना हुचकोकडे आली. इंजिन ठणठणीत होतं, पण गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल दोन्ही कामातून गेले होते. गॅरेजवाल्या म्हाताऱ्या वेंडलने विचारलं, "शर्यतीचा अ‍ॅक्सल टाकू की लांबच्या रस्त्याचा? शर्यतीचा जागेवरून उसळी घेतो, पण हायवेवर इंजिन नुसतं बोंबलतं."

"लांबच्या रस्त्याचा. आणि गिअरबॉक्स पाच गिअरचा."

वेंडल हसला. "अगं, किराणा आणायला जाणार तू! गावात पाचवा गिअर पडायचासुद्धा नाही."

ते खोटं नव्हतं. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून लोर्नाचं जग औषधांच्या दुकानापाशी संपत होतं. तरी ती म्हणाली, "काका, मी सांगते तेच बसवा."

गाडी तयार झाली. एका रविवारी शेजारच्या आयरीनबाई आईजवळ बसल्या आणि लोर्ना हायवेला लागली. पाचवा टाकताच इंजिनाची घरघर निवली. असंच जात राहावं, संध्याकाळपर्यंत शेजारचं इंडियाना राज्य गाठावं, असं तिला वाटत होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"तुझी आई माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाहीये गं," आयरीनबाई रडकुंडीला आल्या होत्या. "सारखं दाराकडे बघतेय."

"आलेच," लोर्ना म्हणाली आणि पुढच्याच फाट्यावरून तिने गाडी उलटी वळवली. परतीच्या वाटेवर तिने पुन्हा पाचवा टाकला, आणि गावातला पहिला सिग्नल लागेपर्यंत काही तो काढला नाही.