कंडेन्सर आणि पैंजण

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या रुद्रेशकडे पंखा दुरुस्तीला दिलात तर तो चार दिवसांत परत मिळायचा. पण "हे असं का होतं हो?" एवढं विचारलंत, तर तुमची दुपार गेलीच म्हणून समजा. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून, खुर्ची पुढं ओढून, तो मुळापासून सांगायला बसायचा. स्वतःला माहीत नसलं तर आणखी पंचाईत. मग तो ते शोधून काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सांगून यायचा.

त्याचं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. जळालेल्या मोटारीतली जुनी तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची. शेतावरचे पंप, गिरणीच्या मोटारी, घरोघरचे पंखे. शेजारी भिंतीला भिंत लागून पत्रे ठोकायची प्रेस होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, धाड धाड धाड. नवं गिऱ्हाईक कानावर हात ठेवून बोलायचं. रुद्रेश हसायचा. "पावणं, वीस वर्सं झाली. आता तर आमाला ती चालू हाय का बंद हे बी कळत न्हाय."

चौऱ्याण्णव साली एक दिवस आकाराम त्याच्या दुकानात आला. आकाराम म्हणजे वडापवाला, कोल्हापूर ते बिद्री जीप मारायचा. दहाच्या जागी सोळा माणसं कोंबायची आणि त्यांनी तक्रार करू नये म्हणून गाणी लावायची, हा त्याचा धंद्याचा हिशेब. त्यानं मुंबईहून भारी स्पीकर आणले होते. एक मोठा वुफर, एक छोटा ट्वीटर आणि दोघांच्या मध्ये काळी डबी. ती डबी जळाली होती. "असली कोल्हापुरात मिळत न्हाय," आकाराम म्हणाला. "काय हाय ह्यात, बघ जरा."

रुद्रेशनं डबी उघडली आणि बघतच राहिला. आत तांब्याच्या तारेचं एक गुंडाळं आणि एक कंडेन्सर. बास. त्यानं मान वर करून आपल्या दुकानाकडं बघितलं. भिंतीवर तारेची गुंडाळी टांगलेली, फळीवर पंख्याच्या कंडेन्सरांचा ढीग. "हे तर माझंच दुकान हाय की रं," तो म्हणाला.

त्या दिवशी त्यानं बाकी काही काम केलं असेल तर शपथ. गुंडाळं काढून बघितलं, कंडेन्सर काढून बघितला, अदलाबदल करून बघितली. दोन दिवसांत त्याच्या ध्यानात आलं. बाजारात शेंगा चाळून जाड एकीकडं, बारीक एकीकडं करतात, तसा तो प्रकार. गुंडाळं ढोलकीचा जाड आवाज वुफरकडं सोडतं आणि बारीक आवाज अडवतं. कंडेन्सर उलटं करतो, झांजेचा बारीक आवाज ट्वीटरकडं सोडतो आणि जाड अडवतो. जाड आवाज ट्वीटरला मिळाला तर बिचारा जळून जातो. वेढे वाढवले की काय होतं, कंडेन्सर जोडीला जोडी लावला की काय होतं, हे त्यानं वहीत लिहून ठेवलं. पुस्तकातली सूत्रं त्याला ठाऊक नव्हती आणि मोजायचं यंत्रही नव्हतं. दोन इंची पाण्याच्या पाइपाचा तुकडा घ्यायचा, त्यावर तार गुंडाळायची, जीपमध्ये बसून ऐकायचं, पुन्हा दहा वेढे काढायचे. सगळा कारभार कानावर.

मग तसाच डबा तो स्वतः बनवून विकायला लागला, आणि हा डबा लई चालला. अठ्ठ्याण्णवपर्यंत स्टँडवरच्या निम्म्या जीपांत रुद्रेशचा डबा होता. पेठ वडगावचा माणूस जीप घेऊन यायचा, हातकणंगल्याचा यायचा. रिवाइंडिंगमध्ये पोट भरत होतं, पण ह्या डब्यात त्याचा जीव होता. जळालेला पंप फिरायला लागला तर त्याचं कौतुक कोण करतो? पण जीपमधला माणूस डोळे मिटून मान डोलवायला लागला की रुद्रेशला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. चहाच्या गाड्यावर लोक म्हणायचे, रुद्रेशचा कान म्हणजे नाद खुळा. तो वरवर "कशाचं काय" म्हणायचा आणि आतून फुगायचा. फुगायचाच.

मग दोन हजार साली काहीतरी बिनसलं. ट्वीटर जळायला लागले. आज ह्याचा, उद्या त्याचा. रुद्रेशला तर उलटंच वाटत होतं, की ट्वीटर पुरेसे वाजतच नाहीत. म्हणून तो एकाला दोन कंडेन्सर लावायचा, दोनाला तीन, शेवटी पाचावर गेला. एवढे लावले की कुठं त्याच्या मनासारखा आवाज यायचा, आणि महिन्याभरात ट्वीटर जळायचा. "आताच्या मालात दम न्हाय," तो सगळ्यांना सांगायचा.

मालाला नावं ठेवायची सवय तेव्हा त्याला लागलीच होती. त्याच दिवाळीत त्यानं लेकीसाठी, दानेश्वरीसाठी, हुपरीहून चांदीचं पैंजण आणलं होतं. कारागीर सयाजीतात्या, सत्तरीचा माणूस. रुद्रेशनं पैंजण कानाशी हलवलं आणि म्हणाला, "तात्या, घुंगरं मुकी हायत." तात्यांनी स्वतः हलवून बघितलं आणि म्हणाले, "माझ्या हातचं घुंगरू मुकं? वाजतंय की चांगलं." दोघांची चांगली जुंपली. बायको शिवांजली शरमेनं दुसरीकडं बघत बसली. तिला वाटलं, नवरा भाव पाडायला खोट काढतोय. शेवटी तात्यांनी रागानं दुप्पट घुंगरं ओवून दिली. दानेश्वरीनं ते पैंजण एकदाच कॉलेजात घातलं. सगळा वर्ग मागं वळून बघायला लागला, तेव्हा तिनं ते काढून कपाटात टाकलं ते टाकलंच. बापाला सांगायची तिची हिंमत झाली नाही.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आकाराम तावातावानं आला. "माझी जीप मोकळी जातीया," तो म्हणाला. "बायका कानात पदर कोंबत्यात. म्हातारी माणसं मागची जीप बघत्यात. तुजा कान बिघडलाय का डबा, ते आज सांग. न्हाय तर डबा काढून टाकतो, आणि स्टँडवर सगळ्यांना काढाय सांगतो."

आकारामनं सांगितलं की स्टँड ऐकणार, हे रुद्रेशला ठाऊक होतं. सात वर्षांचं नाव एका दुपारी मातीत जाणार. तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आकारामच्या जीपमध्ये शिरला. प्रेसला त्या दिवशी सुट्टी होती. शिवांजली जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती दारात उभी राहिली.

रुद्रेशनं शिस्तीत सुरुवात केली. वुफरची तार काढली, म्हणजे ट्वीटर एकटा ऐकता येईल. पाचही कंडेन्सर सोडवले आणि एकच जोडला. कॅसेट लावली. काही नाही. आवाज वाढवला. तरी काही नाही. "तार सुटलीया वाटतं," तो म्हणाला आणि ट्वीटरला कान लावून बसला.

मग त्यानं मागं वळून बघितलं. आकाराम दोन्ही कानांत बोटं घालून उभा होता. शिवांजलीनं पदर कानावर दाबला होता आणि तोंड वाकडं केलं होतं.

त्याला वाटलं, दोघं मिळून आपली टर उडवतायत. आकारामचा तो धंदाच. पण शिवांजली असली थट्टा करणारी नव्हे. रुद्रेशनं हळूच ट्वीटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. पडदा थरथरत होता. मुंगी चालावी तशी बारीक थरथर, अखंड. त्याच्या बोटाला गाणं कळत होतं. कानाला कळत नव्हतं.

मग हा माणूस काय म्हणाला असेल? "शिवा, वही आण."

दोन कंडेन्सर लावले. "येतंय?" बायकोनं होय म्हणून मान हलवली. त्याला काही नाही. तीन लावले. त्याला कुठंतरी लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं. चारला थोडं. पाचला नीट. त्यानं वहीत ओळी ओढून लिहिलं, कितव्या कंडेन्सरपासून बायकोला ऐकू येतं आणि कितव्यापासून आपल्याला. मधली जागा म्हणजे प्रेसनं वीस वर्षांत खाल्लेला आवाज. दुसरा कुणी रडला असता. रुद्रेशच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण पेन्सिल थांबली नव्हती. आपण एवढे दिवस आपल्या ऐकू न येण्याची भरपाई लोकांच्या कानातून करून घेत होतो, हे त्यानं त्याच दुपारी आकारामला तोंडावर सांगितलं. आकारामनं जाऊन तिघांना चहा आणला.

त्या दिवसापासून शिवांजली जीपच्या मधल्या सीटवर भाजी निवडत बसायची, रुद्रेश कंडेन्सर बदलायचा आणि ती "बास" म्हणाली की थांबायचा. स्टँडवरचे जुने सगळे डबे त्यानं मागवून घेऊन बदलून दिले.

पैंजणाची आठवण त्याला आठवड्यानं आली, जेवता जेवता. त्यानं घास तसाच ठेवला. "दाने, ती घुंगरं मुकी हायत का?" दानेश्वरीनं आईकडं बघितलं. "न्हाय आप्पा," ती म्हणाली. "लई वाजत्यात."

रविवारी तिघं हुपरीला गेले. सयाजीतात्या नेहमीच्या जागी बसले होते. रुद्रेशनं पैंजण पुढं ठेवलं आणि सगळं सरळ सांगितलं. "तात्या, त्या दिवशी मीच बहिरा होतो. जास्तीची घुंगरं काढा. चुकलं माझं."

तात्या कानामागं हात धरून ऐकत होते. "मोठ्यानं बोला जरा," ते म्हणाले. रुद्रेशनं पुन्हा सगळं सांगितलं, ओरडून. तात्यांनी पैंजण हातात घेतलं, घुंगरांवरनं अंगठा फिरवला आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला.

"अहो पावणं," ते म्हणाले, "मला तरी कुठं ऐकू येतंय? चांदी ठोकून ठोकून कान गेलं, त्याला पंधरा वर्सं झाली. माझी घुंगरं सून ऐकती. त्या दिवशी ती माहेरी गेलती."

म्हणजे दिवाळीत दोघं अर्धा तास भांडले, ते एकालाही ऐकू न येणाऱ्या घुंगरांवरनं.

तात्या पकडीनं थोडी थोडी घुंगरं काढून देऊ लागले. दर खेपेला दानेश्वरी पैंजण घालून अंगणात चालून दाखवायला लागली. सून उंबऱ्यात येऊन उभी राहिली, शिवांजली तिच्या शेजारी. रुद्रेश आणि तात्या कट्ट्यावर बसून पोरीच्या पायांकडं बघत होते. पोरगी दुसऱ्यांदा अंगणाच्या टोकाला गेली तेव्हा दोघी बायका एकदमच "बास" म्हणाल्या. तात्यांनी पक्कड खाली ठेवली, आणि दोघा बाप्यांनी समाधानानं माना डोलावल्या.