कदाचितरावांचं एक सरळ वाक्य

ऑफिसात त्यांना सगळे कदाचितराव म्हणत, आणि पुढे पुढे घरचेही म्हणायला लागले. त्यांची तक्रार नव्हती. "आपलं पाळण्यातलं नाव फार ठाम वाटतं हो," ते सांगत. "सही करताना दुसऱ्या कुणाची तरी केल्यासारखं होतं."

काम लिफ्ट तपासण्याचं. गच्चीवरच्या खोलीत शिरायचं, मोटर बघायची, ब्रेक बघायचा, पोलादी दोरावरून फडकं फिरवायचं आणि ऑफिसात परतून इंग्रजीत अहवाल लिहायचा. बघण्यात गडी पक्का. दोरातली एखादी तार तुटलेली असली की फडकं तिथे अडकतं, आणि ते अडकायच्या आधीच यांचा चेहरा अडकलेला असायचा. पण लिहायला टेबलाशी बसले की हाच माणूस लग्नाला नको असताना बोलावलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून घ्यायचा.

याचं सगळं पुण्य थोरल्या साहेबांच्या पदरात. नोकरीच्या सुरुवातीला यांनी झोकात लिहून दिलं होतं, ब्रेक खराब आहे. साहेबांनी लाल पेन्सिलीनं त्यातल्या 'इज'भोवती, म्हणजे 'आहे'भोवती, गोल काढला. "आहे? तुम्ही कोण, ब्रह्मदेव? 'आहे' लिहिणारा उद्या कोर्टात उभा राहतो. 'असल्याचे दिसते' लिहिणारा घरी जेवायला जातो."

कदाचितरावांना जेवण प्रिय. तेव्हापासून मे, माइट, सीम्स, अपिअर्स ही इंग्रजी मंडळी त्यांच्या पेनात बिऱ्हाड थाटून बसली, ती हळूहळू जिभेवरही पसरली. बायकोनं विचारावं, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" तर हे म्हणणार, "सकृद्दर्शनी तरी असावं." ती म्हणायची, "लग्नाला हो म्हणालात तेव्हा साहेब रजेवर होते वाटतं." यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते हेच.

तर अशा माणसाच्या वाट्याला एक दिवस सख्ख्या बहिणीच्या इमारतीची लिफ्ट आली.

ताई पाचव्या मजल्यावर एकटी राहायची. गुडघे कामातून गेलेले, पण पायांना फिरतीची हौस. रोज सकाळी खाली उतरून बाकावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घ्यायची आणि ताज्या बातम्या घेऊन वर यायचं. लिफ्ट बंद पडली तर ताई घरात कोंडली जाणार, आणि कोंडलेली ताई काय चीज असते ते कदाचितरावांनी लहानपणी भोगलेलं.

त्या दिवशी दोरावरून फिरवलेल्या फडक्याच्या चिंध्या झाल्या. हे खाली आले, ऑफिसात गेले, पेन उघडलं. एकीकडे थोरल्या साहेबांची पेन्सिल, दुसरीकडे ताईचे डोळे. दोघांना सांभाळत त्यांनी जे इंग्रजी वाक्य रचलं, त्याचा मराठीत अर्थ साधारण असा: दोरांची स्थिती असमाधानकारक नसावी, असे म्हणणे कदाचित पूर्णतः उचित ठरणार नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, "आता तुम्ही तयार झालात."

महिनाभरानं कदाचितराव ताईकडे गेले. दार उघडल्यावर दोन मिनिटं त्यांना बोलताच येईना, नुसते धापा टाकत भिंतीला टेकून उभे.

"काय रे, लिफ्ट चालू आहे की."

"म्हटलं, जरा व्यायाम."

"तुला? व्यायाम?" ताईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "अरे, तुझा अहवाल सोसायटीच्या सचिवांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून लिफ्टमध्ये आरशाशेजारी लावलाय. येताजाता माझी मान ताठ होते. माझ्या भावाचं इंग्रजी म्हणून सगळ्यांना दाखवते मी."

कदाचितरावांनी तांब्या खाली ठेवला. "फ्रेम? काय समजून?"

"लिफ्ट उत्तम आहे असं समजून. सचिव म्हणाले, दोनदा वाचला. इतक्या अदबीनं कुणी वाईट बातमी सांगत नाही." मग ताई थांबली. भावाच्या कपाळावरचा घाम तिनं नीट पाहिला. बाकावरची उलटतपासणी काही फुकट गेली नव्हती. "खरं सांग. लिफ्ट चांगली आहे का?"

"तसं पाहिलं तर, एकंदरीत, असं वाटण्यास जागा..."

"तू जिना का चढलास?"

याचं उत्तर कदाचितरावांच्या गुडघ्यांत होतं. पेनाला जे महिनाभर कबूल करवलं नाही, ते पायांनी खालच्या दारातच ठरवून टाकलं होतं. आणि वर ही बाई रोज त्याच दोरावर लोंबकळत खालीवर करत होती, भावाचं इंग्रजी दाखवत. आपण किती मोठे गाढव, याबद्दल मात्र त्यांना तेव्हा तिळमात्र शंका उरली नाही.

ताईकडून जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन ते मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. पहिल्या झटक्यात पेनातून 'अपिअर्स' बाहेर पडलं. खोडलं. मग 'मे' आलं. तेही खोडलं. ताई खांद्यावरून बघत होती. "वाक्य आहे की बाळंतपण?" ती म्हणाली. अखेर उतरलं: दोर तुटत आले आहेत. लिफ्ट वापरू नका. खाली सही, स्वतःच्याच नावाची.

मग साहेबांना फोन, हे लिफ्टवर लावतोय म्हणून. "असलं काही तुमच्या नावावर जाईल, ऑफिसच्या नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला खात्री आहे?"

"साहेब, मी पाच मजले जिना चढलो."

साहेबांनी कदाचितरावांना ऑफिसच्या जिन्यावर कधी पाहिलं नव्हतं. "मग लावा," ते म्हणाले.

कदाचितराव जिन्यानंच खाली उतरले, लिफ्टमधली फ्रेम काढून तिच्यात अहवालाऐवजी कॅलेंडरचं पान सरकवलं, ती लिफ्टच्या दारावर टांगली आणि दाराला कुलूप घालायला लावलं. सचिव हिरमुसले. "आधीचं इंग्रजी भारी होतं हो," म्हणाले. दुरुस्तीवाल्यानं दोर पाहिले आणि फक्त "अरे बाप रे" म्हणाला. त्याच्या अहवालात एवढंच पुरेसं होतं.

नवे दोर यायला मात्र वेळ लागला. ताई वर कोंडली, आणि शिक्षा भावाला झाली: भाजी, दूध, औषधं आणि बाकावरच्या साऱ्या बातम्या त्यानं वर पोचवायच्या. बातम्यांत हा अगदीच कच्चा. "ती दोघं भांडली असावीत" एवढ्यावर ताईचं पोट कसं भरणार?

एकदा तिसऱ्या मजल्यावर बटाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन ते पायरीवर फतकल मारून बसले होते. वरून कठड्यावर ओणवून ताईनं विचारलं, "लिफ्ट कधी सुरू होणार? आणि तुझं ते असावं-नसावं नको. नक्की सांग."

कदाचितरावांनी मान वर केली.

"नक्की सांगायचं तर, ताई, मला माहीत नाही."

"बघ," ताई म्हणाली, "जमतंय की तुला. आता बटाटे आण."