कूलरसमोर सुरात, मंडपात बेसूर

"भाऊ, हा तुमच्या इथं शहाण्यासारखा वागते. मंडपात गेला का माझी इज्जत काढते."

प्रमिलाताईंनी सिंथेसायझर माझ्या टेबलावर ठेवला, आपटलाच म्हणा. महिनाभरातली तिसरी खेप. सावनेरहून एसटीनं, चादरीत गुंडाळून, मे महिन्याच्या भर दुपारी. गांधीबागेत कापड दुकानांच्या मागे माझं दीड खोलीचं वर्कशॉप आहे. जुने सिंथ दुरुस्त करणारा दुसरा कोणी नागपुरात मला तरी माहीत नाही, म्हणून गिऱ्हाईकं माझे नखरे सहन करतात.

ताईंचा सिंथ चाळीसेक वर्षांचा, जपानी, अ‍ॅनालॉग. आजच्या कीबोर्डमध्ये असतात तसे यात रेकॉर्ड केलेले आवाज नसतात. आत ऑसिलेटर नावाचं सर्किट असतं, ते विजेपासूनच स्वर तयार करतं. आवाज भरदार. त्यांच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत ताई वीस वर्षं हाच वाजवत आल्या होत्या.

"आता काय झालं?"

"तेच. वरचा सा उतरते. चौदा एप्रिलपासून चालू आहे हे. परवा तर आमचे मुख्य गायक गुणवंतराव गाता गाता थांबले अन् माइकवरच म्हणाले, ताईचा कान गेला आता. सारे लोक हसले, भाऊ. उद्या बुद्ध पौर्णिमा. उद्या सूर हलला तर माझ्या जागी नवा कीबोर्डवाला बसवतील."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, गुणवंतरावांचं म्हणणं मलाही मनातून पटायला लागलं होतं. आधी दोनदा मी सिंथ उघडून तपासला होता. आताही ट्यूनर लावला. सूर बरोबर असला की याची सुई मध्यावर उभी राहते. राहिली.

"ताई, ओके आहे हो."

मग माझ्या तोंडून नको ते निघालं. "कान एकदा डॉक्टरला दाखवले का?"

"माझे कान ठीक आहेत. तुमच्या या कूलरच्या घरघरीत कोणाले काय ऐकू येईन?" असं म्हणून त्यांनी उठून कूलरचं बटणच बंद केलं आणि वाजवायला बसल्या.

पंधरा मिनिटांत आम्ही दोघं घामानं निथळलो. ताई थांबल्या नाहीत. खालचा सा, वरचा सा, खालचा सा, वरचा सा. आणि मग त्या ओरडल्या, "हा पहा!"

सुई डावीकडे सरकत होती. खालचा सा जवळपास जागेवर, वरचा चांगलाच उतरलेला. मी चक्क टाळी वाजवली. सापडत नसलेला बिघाड समोर उभा राहिला की मेकॅनिकला जो आनंद होतो, तो मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

लगेच मी बायकोला फोन केला. घर मागच्याच गल्लीत. ती हेअर ड्रायर घेऊन आली.

"माझा ड्रायर काहून पाहिजे तुम्हाले? डोक्यावर केस तरी राहिले का?" मग ताईंकडे वळून, "पाणी घ्या वं ताई. या माणसानं विचारलंही नसन."

उन्हाचा बिघाड शोधायचा तर एकेका पार्टवर गरम हवा सोडून पाहायची. ऑसिलेटर तापला की त्याचा सूर उतरतोच. तो उतार भरून काढायला शेजारी एक खास रेझिस्टर बसवलेला असतो. आम्ही त्याला टेम्पको म्हणतो. तो तापला की सूर वर ढकलतो. मी त्याच्यावर ड्रायर धरला. सुई ढिम्म हलली नाही.

भिंग लावून पाहिलं. टेम्पकोच्या जागी साधा रेझिस्टर होता. तेवढ्याच ओहमचा, कोरा करकरीत. कोणत्या गाढवानं हा बसवला, म्हणत मी कामाची वही उघडली. जानेवारीचं पान. 'रेझिस्टर तुटका. बदलला. ओके.' अक्षर माझं होतं.

थंडीत कोणाला कळणार? पुढे उन्हाळा लागला, आणि मी कूलरसमोर बसून दर वेळी ओके म्हणत राहिलो.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. मान वर होत नव्हती.

"म्हणजे माझा कान बरोबर होता?"

"एकदम बरोबर."

त्या हसायला लागल्या, ते थांबेचनात. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "हे मले नका सांगू. उद्या सावनेरले येऊन गुणवंतरावले सांगा."

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोडाऊनमधून मी असाच एक मेलेला सिंथ भंगारात आणला होता. बायको त्याला मुडदा म्हणायची आणि रोज फेकायला सांगायची. त्यातला टेम्पको काढून ताईंच्या सिंथमध्ये बसवला. कूलर बंद ठेवून आम्ही तिघं तासभर घाम गाळत बसलो. सुई हलली नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सावनेरला टिनाच्या शेडखाली पहिल्या रांगेत होतो. वर पत्रे नुसते तापलेले. ताईंनी वरचा सा दाबला. जागेवर. पाच गाणी झाली तरी जागेवर. मग मी स्टेजवर चढलो आणि माइक मागितला.

"जानेवारीत मी या सिंथमध्ये चुकीचा पार्ट बसवला. मला चार महिने कळलं नाही. ताईंना सूर हलला त्याच दिवशी कळलं होतं."

गुणवंतराव भला माणूस. ज्या माइकवर बोलले होते, त्याच माइकवर त्यांनी हात जोडले. "ताई, माफ करा. आता घ्या वरच्या पट्टीत!"

ताईंनी घेतलं. सिंथ डौलात वर गेला आणि वरच्या 'सा'पाशी गुणवंतरावांचाच आवाज फाटला. लोक पोट धरून हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी गुपचूप पट्टी खाली घेतली, गुणवंतरावांच्या गळ्याला झेपेल इतकी, आणि मानेनं खूण केली, म्हणा.

हल्ली मे महिन्यात दुरुस्ती झाली की माझा कूलर तासभर बंद असतो. गिऱ्हाईकं वैतागतात. मी त्यांना पाणी देतो आणि त्यांनाच वाजवायला लावतो. वहीत ओके मात्र ते म्हणतील तेव्हाच लिहितो.